नामदेवराय : कच्चं मडकं पक्कं झालं त्याची कथा



आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. मंडळींनी ठरवलं की स्मरणिका काढायची, आन् आम्हांला सांगितलं की बुवा, तुम्हीबी एखाद्या संताचं चरित्र लिहून द्या. आमचं शिक्षण चौथीपर्यंत. पुढची शाळा म्हंजे औत, मोट आन् रात्रीचं भजन. तरी नामदेवरायांचं नाव निघाल्यावर नाही म्हणवलं नाही. कीर्तनाची गादी नारदमुनींची, हे खरं. पण चंद्रभागेच्या वाळवंटात त्या कीर्तनाला रंग भरला तो नामदेवरायांनी. आम्ही पोटापुरती शेती करतो आन् एकादशीला गळ्यात वीणा घालून उभं राहतो, ते त्यांच्या उपकारानं.

दुसरं एक कारण आहे. कीर्तन झालं, आरती झाली, बुक्का लावून लोक उठले की पारावर एक प्रश्न हमखास येतो. तरणी पोरं विचारतात, देव जर सगळीकडं आहे तर पायाला फोड आणून पंढरीला कशाला जायचं? आन् दुसऱ्या अंगाला काही माणसं अशीबी आहेत की माळ घातली, वारी केली म्हंजे झालं काम, मग वर्षभर शेजाऱ्याचा बांध कोरायला मोकळे. या दोघांनाबी उत्तर नामदेवरायांच्या एका जन्मात मिळतं. म्हणून हे चरित्र आम्ही सांगतो.

नामदेवरायांचा जन्म शके ११९२, म्हंजे इंग्रजी सन १२७०, कार्तिक शुद्ध एकादशीचा. वडील दामाशेटी, आई गोणाई. जात शिंपी. कापड शिवायचं आन् विकायचं हा घरचा धंदा. घराण्याचं मूळ गाव नरसी-बामणी. आता त्या गावाला नरसी नामदेव म्हणतात, हिंगोली जिल्ह्यात आहे. पण नामदेवराय वाढले ते पंढरीत, पांडुरंगाच्या सावलीत. दामाशेटी रोज देवाला नैवेद्य घेऊन जायचे.

लहानपणची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. एक दिवस वडील घरी नव्हते, म्हणून आईनं नैवेद्याचं ताट पोराच्या हाती दिलं. पोर देवापुढं ताट ठेवून बसलं. मोठ्या माणसाला कळतं की नैवेद्य दाखवायचा असतो. पोराला वाटलं की देव जेवणार. देव जेवेना तेव्हा ते रडलं, हट्टाला पेटलं, पायरीवर डोकं आपटायला निघालं. आन् मग देव जेवला. ही कथा ऐकून लोक डोळे पुसतात. आम्ही एवढंच सांगतो की त्या लेकराच्या मनात मूर्ती आन् देव हे दोन नव्हतेच. पुढं ज्या ज्ञानासाठी त्यांना गुरूच्या दारी जावं लागलं, त्याचं बी इथं पेरलेलं होतं. फक्त ते उगवायला वेळ लागला.

मोठेपणी लग्न झालं. बायको राजाई. नारा, विठा, गोंदा, महादा ही चार मुलं, लिंबाई ही लेक. घरात गंगाखेडची जनाबाई होती, दामाशेटींच्या आसऱ्याला लहानपणीच आलेली. तिनं जातं ओढता ओढता, शेण्या वेचता वेचता देव आपलासा केला. एवढं खाणारं कुटुंब, आन् घरधनी दिवसभर देवळात. महिपतीबुवांनी भक्तिविजयात कथा सांगितली आहे, की नामदेवरायांना कापड देऊन बाजारात पाठवलं तर ते धोंड्यांना कापड उधार देऊन, एक धोंडा जामीन म्हणून घरी घेऊन आले. ऐकायला गोड आहे. पण चूल पेटवणाऱ्या बाईला विचारा. गोणाई पांडुरंगाशी भांडायची की माझं पोर मला परत दे. राजाई रुक्मिणीमातेपुढं गाऱ्हाणं मांडायची. संतांच्या घरातल्या बायकांनी काय सोसलं हे चरित्रकारांनी लपवलं नाही, आपणबी लपवू नये.

तर असे नामदेवराय. देव त्यांच्याशी बोलतो, त्यांच्या कीर्तनात नाचतो, अशी कीर्ती झाली. सगळ्या संतांत देवाचा लाडका कोण, तर नामदेव. आन् त्यांनाबी तसं वाटायला लागलं. इथं खरी कथा सुरू होते.

एकदा संतमंडळी जमली होती. निवृत्तिनाथ, ज्ञानोबाराय, सोपानकाका, मुक्ताई, सावतामहाराज, चोखोबा आन् तेरचे गोरोबाकाका. काका वयानं थोर, म्हणून सगळे त्यांना काकाच म्हणत. मुक्ताई वयानं सगळ्यांत लहान, पण बोलायला धारेची. तिनं थापटणं बघून काकांना विचारलं की हे कशाला असतं. काकांनी सांगितलं की मडकं कच्चं की पक्कं हे यानं कळतं. मुक्ताई म्हणाली, मग इथं बसलेली मडकी तेवढी तपासून द्या. काका उठले. एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत चालले. सगळे गप बसले. नामदेवरायांची पाळी आली तेव्हा ते चिडले. देवाच्या लाडक्याला कुंभारानं थापटण्यानं मारावं, हा अपमान त्यांना सोसला नाही. काकांनी निकाल दिला की हे एक मडकं कच्चं आहे.

आता कच्चं म्हंजे काय, हे आपण नीट बघू. कच्चं मडकं आन् पक्कं मडकं ओळीनं मांडलं तर आकार एकच. गळा तोच, पोट तेच. कच्च्या मडक्याला मातीबी काही हलकी लागत नाही. फरक एवढाच की कच्च्यात पाणी भरलं की ते विरघळतं. नामदेवरायांच्या भक्तीची माती अस्सल होती, आकार सुंदर होता. पण अपमानाचं एक भांडं पाणी पडलं आन् मडकं ओलं झालं. का झालं? कारण आत एक जागा अजून भाजली नव्हती. देव माझा, देव त्या विटेवर, मी त्याचा लाडका, आन् हे बाकीचे लोक. या चार गोष्टींत देव एकीकडं, मी दुसरीकडं आन् जग तिसरीकडं, असे तीन तुकडे झाले. जोवर तुकडे आहेत तोवर भीती आहे, राग आहे, मानपान आहे.

नामदेवराय रडत देवळात गेले. आपण भांडण घेऊन आलेल्या लेकराची बाजू घेतो. पांडुरंगानं घेतली नाही. देवानं सांगितलं की संत बरोबर बोलले, तुला गुरू पाहिजे, विसोबा खेचराकडं जा. मंडळी, हे ध्यानात घ्या. ज्याच्याशी देव रोज बोलतो त्यालाबी देव स्वतः म्हणतो की मला ओळखायला गुरूकडं जा. भेटणं वेगळं आन् ओळखणं वेगळं. आपण सासरच्या माणसांना रोज भेटतो, ओळखायला वीस वर्षं लागतात.

विसोबाबी साधी असामी नव्हे. आधी ते ज्ञानोबारायांच्या भावंडांचे कट्टर विरोधक. संन्याशाची पोरं म्हणून त्यांचा छळ केला. मुक्ताईला मांडे भाजायला भांडं मिळू दिलं नाही. तेव्हा ज्ञानोबारायांनी जठराग्नी पेटवून पाठीवर मांडे भाजू दिले, ते बघून विसोबांचा माज उतरला. ज्यांना हाकललं त्यांचंच उष्टं त्यांनी प्रसाद म्हणून खाल्लं. अशा आगीतून निघालेलं मडकं होतं ते. म्हणून दुसऱ्याचं कच्चेपण त्यांना कळलं.

नामदेवराय औंढ्या नागनाथाला पोचले. बारा ज्योतिर्लिंगांतलं ते स्थान. आत जाऊन बघतात तर एक म्हातारा माणूस महादेवाच्या पिंडीवर पाय ठेवून निजलेला. नामदेवरायांचा जीव वरखाली झाला. त्यांनी सांगितलं की पाय काढा, ही देवाची जागा आहे. म्हातारा म्हणाला, बाबा, अंगात ताकद नाही, जिथं देव नाही तिथं माझे पाय तूच उचलून ठेव. नामदेवरायांनी पाय उचलले, दुसरीकडं ठेवले, तर खाली पिंड. तिसरीकडं ठेवले, तिथंबी पिंड. जिकडं पाय न्यावेत तिकडं पिंड उभी राहायला लागली. शेवटी पाय हातात धरून ते तसेच थांबले. ठेवायला जागाच उरली नाही.

कीर्तनात आम्ही इथं जरा थांबतो. देव सगळीकडं आहे एवढं तर आपणबी तोंडानं बोलतो. पण त्या घडीला नामदेवरायांना त्याच्या पुढचं कळलं. सगळी जमीन पिंड झाली, मग ज्या पायांवर ते उभे आहेत ते पाय कशावर आहेत? ज्या हातांनी विसोबांचे पाय धरले ते हात कुणाचे? सगळीकडं तोच असेल तर तो आपल्याला वगळून कसा असेल? देव बाहेर सगळीकडं आहे, हे अर्धं ज्ञान. आपण ज्याला मी म्हणतो त्याच्या मुळाशी तोच आहे, हे पुरं ज्ञान. वेदान्त यालाच अद्वैत म्हणतो आन् स्वरूपाची ओळख म्हणतो. नामदेवरायांनी पोथी नाही उघडली. म्हाताऱ्याचे पाय हातात धरून उभ्या उभ्या ते शिकले. विसोबांनी डोक्यावर हात ठेवला आन् मडकं पक्कं झालं.

शेतातलं सांगतो म्हंजे पटकन ध्यानात येईल. आपण रात्रीचं दारं धरतो. विहीर एक, पाट एक. तेच पाणी उसाला जातं, मिरचीला जातं, कारल्याला जातं. ऊस गोड, मिरची तिखट, कारलं कडू. पाण्याला विचारलं तर ते गोडबी नाही आन् कडूबी नाही. वाफे निराळे म्हणून चव निराळी. आता पाणी एकच आहे म्हणून कुणी कारल्याच्या वेलाला ऊस धरील का? नाही. व्यवहारात वाफा वाफाच राहतो, आई ती आई, लेकरू ते लेकरू, शेजारी तो शेजारी. पण दारं धरणाऱ्यानं विहीर विसरू नये. विसरला की तो म्हणायला लागतो, माझ्या वाफ्यातलं पाणीच खरं. नामदेवरायांना विसोबांनी विहीर दाखवली.

मग पारावरच्या पोरांचा प्रश्न उरतोच. एवढं कळल्यावर नामदेवरायांनी पंढरी सोडली का? नाही सोडली. ते परत आले, महाद्वारात उभे राहिले, त्याच सावळ्या मूर्तीपुढं टाळ धरला. आधी त्यांना देव फक्त तिथं दिसायचा. आता जो सगळीकडं आहे तोच तिथं दिसायला लागला. मूर्ती तीच, बघणारा बदलला. वारा तर सगळ्या रानात वाहतो. पण दाणे उफणायचे तर खळं करावं लागतं, वावडीवर उभं राहावं लागतं, पाटी हातात धरावी लागते. पंढरी आपलं खळं आहे. वर्षभराचं भूस तिथं उडवायचं आन् दाणा घरी आणायचा. वारा सगळीकडं आहे म्हणून खळं मोडणारा कुटुंबाला भूस खायला घालील. आन् खळ्यावर जाऊन दाणे न उफणता नुसता बसून येणारा, त्याचंबी तेच होईल.

नामदेवरायांचं ज्ञान खरं की बोलण्यापुरतं, याची परीक्षा पुढं झाली. एक कुत्रं त्यांची भाकरी घेऊन पळालं. दुसरा असता तर धोंडा मारला असता. नामदेवराय तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागं धावले, की कोरडी भाकरी घशाला लागेल, तूप लावू द्या. थापटणं लागलं तेव्हा चिडलेला माणूस तो हाच. आता कुत्र्यानं ताट लुटलं तरी त्याला परकेपण आठवलं नाही.

औंढ्यालाच आणखी एक कथा सांगतात. नामदेवरायांचं कीर्तन देवळापुढं रंगलं होतं. पुजाऱ्यांनी वाट अडते म्हणून त्यांना उठवून मागच्या अंगाला बसवलं. ते मुकाट्यानं मागं गेले आन् तिथं गाऊ लागले. तेव्हा देऊळच फिरलं आन् देवानं कीर्तनाकडं तोंड केलं. आजबी तिथं नंदी देवळाच्या मागल्या बाजूला आहे, जाणारे लोक बघून येतात. उठवल्यावर नामदेवराय भांडले नाहीत, ही त्या कथेतली आम्हांला जास्त आवडणारी गोष्ट. मागची बाजू असं त्यांना काही उरलंच नव्हतं.

ज्ञानोबाराय आन् नामदेवराय यांनी मिळून तीर्थयात्रा केली. मारवाडाच्या कोरड्या मुलखात तहान लागली, विहीर खोल, दोर नाही. ज्ञानोबाराय योगबळानं सूक्ष्म होऊन खाली उतरून पाणी पिऊन आले. नामदेवरायांनी पांडुरंगाचा धावा केला तर विहीर काठोकाठ भरून वाहिली. कुणी यातून ज्ञान मोठं की भक्ती मोठी असा वाद घालतात. पाणी तर दोघांनी एकाच विहिरीचं प्यालं. आन् विहीर वर आली त्यात मागून येणाऱ्या वाटसरूचीबी सोय झाली.

शके १२१८, म्हंजे १२९६ साली, कार्तिक वद्य त्रयोदशीला ज्ञानोबारायांनी आळंदीला समाधी घेतली. समाधीची जागा नामदेवरायांच्या मुलांनी झाडून साफ केली असं सांगतात. तो प्रसंग नामदेवरायांनी आपल्या अभंगांतून लिहून ठेवला, म्हणून आज आपल्याला तो डोळ्यांपुढं दिसतो. मग वर्षाच्या आत सासवडला सोपानकाका, तापीकाठी मुक्ताई, त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथ, असे सगळे गेले. आत्मा अमर आहे हे ज्याला कळलं तो रडत नाही असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं नामदेवरायांचे हे अभंग वाचावेत. ज्ञानी माणूस दगड होत नाही. त्याचं रडणंबी देवाजवळच असतं.

त्यानंतर ते उत्तरेला निघाले. पार पंजाबात जाऊन राहिले. गुरदासपूर जिल्ह्यात घुमान नावाचं गाव आहे, तिथं त्यांच्या नावाचं गुरुद्वार आहे. २०१५ साली मराठी साहित्य संमेलन तिथं भरलं होतं. तिथल्या लोकांत राहून त्यांच्या बोलीत त्यांनी पदं केली. १६०४ साली गुरू अर्जुनदेवांनी शीख धर्माचा ग्रंथ सिद्ध केला, त्यात नामदेवरायांची ६१ पदं घेतली. आज शीख बांधव ज्या ग्रंथापुढं माथा टेकतात, त्यात पंढरीच्या शिंप्याची वाणी आहे, आन् त्या वाणीत आपल्या विठ्ठलाचं नाव आहे. देव फक्त विटेवरच असता तर नामदेवराय एवढ्या लांब कुणाला घेऊन गेले असते? विसोबांनी पाय ठेवायला जागा उरू दिली नव्हती, म्हणून त्यांना परका मुलूख उरला नाही.

आता शेवटची गोष्ट, आन् आमच्या मते सगळ्यांत मोठी. चोखोबा नामदेवरायांना गुरू मानत. जातीनं महार, म्हणून त्यांना देवळात पाय ठेवू दिला नाही. १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चाललं होतं, ते ढासळलं आन् चोखोबा इतर मजुरांबरोबर खाली गाडले गेले. नामदेवराय तेव्हा सत्तरीला टेकले होते. ते मंगळवेढ्याला गेले. मलब्यात सगळ्यांची हाडं एकमेकांत मिसळलेली. एकेक हाड कानाला लावून बघितलं, ज्यातून विठ्ठलनाम ऐकू आलं ती हाडं चोखोबांची म्हणून गोळा केली, पंढरीला आणली आन् महाद्वारासमोर समाधी बांधली.

ज्या काळात सावलीचा विटाळ मानत, त्या काळात हाडं उराशी धरून आणली. अद्वैत म्हंजे हे. ते बोलायला सोपं आहे, आम्हीबी दोन दोन तास बोलतो. उचलायला जड आहे.

शके १२७२, म्हंजे १३५० साली, आषाढ वद्य त्रयोदशीला नामदेवरायांनी ऐंशीव्या वर्षी महाद्वारात देह ठेवला. त्यांनी जागा मागितली ती पायरीची. संतांच्या पायाची धूळ अंगावर पडावी म्हणून. एका अंगाला चोखोबा, एका अंगाला नामदेव, असं ते महाद्वार आहे. आपण त्या पायरीवर पाय देत नाही, हात लावून कपाळाला लावतो आन् पुढं जातो. पण चोखोबांच्या जातभाईंना त्या पायरीच्या आत जायला १९४७ साल उजाडावं लागलं. साने गुरुजींनी पंढरीत प्राण पणाला लावून उपोषण केलं तेव्हा दार उघडलं. नामदेवरायांनी हाडं आणली त्याला सहाशे वर्षं होऊन गेली होती. सहाशे वर्षं लोक पायरीला नमस्कार करत होते आन् पायरी काय सांगते ते ऐकत नव्हते.

मंडळी, आपल्या दिंडीत एक रीत आहे. म्हातारा पोराच्या पाया पडतो, पोर म्हाताऱ्याच्या पाया पडतं, जात कोण विचारत नाही, सगळे माउली. ही विसोबांची शिकवण चालती बोलती आहे. पण ती पंढरीहून गावच्या वेशीपर्यंत टिकते का, एवढंच बघायचं. आमच्या पाहण्यात दोन सख्खे भाऊ होते. एकाच दिंडीत वर्षानुवर्षं चालले. वाटेत रीतीप्रमाणं एकमेकांच्या पाया पडायचे. आन् गावी आल्यावर एक हात रुंद बांधासाठी कोर्टाची तारीख करायचे. थोरला गेला तेव्हा धाकटा खांदा द्यायला आला नाही. पाया पडताना त्यांनी माउली म्हटलं होतं, पण पाय कुणाचे आहेत ते बघितलं नव्हतं.

दिंडीला शंभर वर्षं झाली, म्हंजे शंभर वेळा आपलं मडकं भट्टीजवळ गेलं. आत गेलं का, हे ज्यानं त्यानं आपल्या डोक्यावर थापटणं मारून बघावं. कुणी अपमान केला, भाकरी नेली, मागं बसवलं, की आवाज कसा येतो ते ऐकावं. बद्द आला तर घाबरू नये. नामदेवरायांचाबी एकदा तसाच आला होता. ते औंढ्याची वाट चालले, आपणबी चालू. पुढच्या शंभर वर्षांत ही पताका ज्यांच्या खांद्यावर जाईल त्यांना पांडुरंग सुखी ठेवो.

रामकृष्ण हरी.